माझा थायरॉइड, माझा राग

माझ्या आजाराची पहिली तक्रार मी केली नाही. ती केली आमच्या विहारातल्या म्हाताऱ्या बायकांनी.

घाटकोपरला आमच्या वसाहतीत छोटंसं बुद्धविहार आहे. दर रविवारी सकाळी तिथं वंदना होते आणि गेली कित्येक वर्षं ती सांगायचं काम माझ्याकडे आहे. मी एक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी म्हणायची. त्यात फार मोठी विद्या नाही. आवाज खणखणीत हवा आणि लय सांभाळता यायला हवी. समोर गुडघे धरून बसलेले काका असतात, दात नसलेल्या आज्या असतात, मांडीवरची पोरं असतात. सगळ्यांचा श्वास पुरेल अशा बेतानं म्हणावं लागतं. मला ते छान जमायचं.

त्या वर्षी जानेवारीत एका रविवारी वंदना संपली आणि द्रौपदामावशी माझ्याजवळ आल्या. मूळच्या जालन्याकडच्या, आता गोवंडीत लेकीकडे राहतात, पण वंदनेला आमच्याकडेच येतात.

"छाया, कुठं जायचंय का गं तुला?"

"नाही मावशी. का?"

"मग इतकी पळत काहून म्हणतीस? आमी पयल्या शब्दावर असतो, तवर तू चप्पल घालायलीस."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि घरी जाऊन मिलिंदवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, तासभर चिडचिड केली. ह्या बायकांना साधं चार ओळी म्हणता येत नाहीत आणि वर मला शिकवतात! पुढच्या रविवारी मी मुद्दाम हळू म्हटलं. निदान मला तरी ते हळूच वाटत होतं. मागच्या रांगेत पुन्हा खसखस पिकली. मला माझ्यात काही बदल झालाय असं वाटतच नव्हतं. मला वाटत होतं की बाकीचं जगच रेंगाळतंय. लिफ्ट हळू, चहा हळू उकळतोय, माणसं वाक्य संपवायला इतका वेळ का लावतात? ह्या आजाराची हीच खोड आहे. तो तुमच्यात असतो, पण तुम्हाला दिसतो तो दुसऱ्यांमध्ये.

कारणं तयारच होती

मी वीज कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात बिलाच्या तक्रारींच्या काउंटरवर बसते. तिथं कुणी कौतुक करायला येत नाही. माणूस दारातूनच ओरडत येतो. अशी जास्तच तापलेली मंडळी आली की आमचे साहेब म्हणायचे, "छायाताईंकडे पाठवा." मी त्यांना आधी बसवायची, पाणी द्यायची, मग मीटरचा नंबर विचारायची. वीस वर्षांत आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

त्या फेब्रुवारीत एक निवृत्त गृहस्थ आले. चौथ्यांदा तेच विचारत होते. मी त्यांना म्हटलं, "तुमचा फ्रीज काय मी चालवते का घरी येऊन?" ते गृहस्थ कागद गोळा करून निघून गेले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून गोड शब्दांत आतल्या कामाला बसवलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन दोन माणसांचा डबा एकटीनं खाल्ला.

कारण भूक अशी लागायची की विचारू नका. खायची दुप्पट आणि ब्लाउज मात्र ढगळ होत चाललेले. मैत्रिणी म्हणायच्या, "झकास दिसतेस, यार! काय करतेस?" मी काय सांगणार? थंडीत पंखा फुल, मिलिंद गोधडीत. दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना मांड्या थरथरायच्या. झोप तर गेलीच होती. अंग थकून चूर व्हायचं, डोळे मिटायचे आणि आत कुणीतरी मोटार चालूच ठेवून गेलंय असं वाटत राहायचं.

कारणं सगळ्यांकडे तयार होती. सासूबाई गावाहून फोनवर म्हणाल्या, पाळी जायची वेळ झाली, बाईचं असंच होतं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, कामाचा ताण. मिलिंद बिचारा काहीच म्हणाला नाही, त्याला वाटलं त्याचंच काहीतरी चुकलं असेल. आणि माझं कारण सगळ्यात भारी होतं: माझी साधना कमी पडतेय.

आमच्या घरात ध्यानाची सवय आहे. राग आला तर रागाकडे बघायचं, श्वासाकडे बघायचं, हे मी समोरच्या बायकांना सांगत आलेली. त्यामुळे मनाची घडी विस्कटली तर दोष मनालाच, हा माझा सरळ हिशोब. मी पहाटे तासभर आसन घालून बसू लागले. छातीत घोडे दौडत असायचे. मी त्या धडधडीकडे तटस्थपणे बघत बसायची. जे येतं ते जातं, हे अनुभवायचं असतं. धडधड मात्र आली ती मुक्कामालाच राहिली. मग मी अजून वेळ बसायची. डॉक्टरकडे जावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पाय मुरगळला असता तर लगेच गेले असते.

दूध

हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

सम्यका, आमची समू, तेव्हा अकरावीला होती. मी गॅसवर दूध ठेवलं आणि तिला लक्ष ठेवायला सांगून कपडे वाळत घालायला गेले. पोरगी फोनमध्ये बघत उभी, दूध उतू गेलं. कुठल्या घरात जात नाही? मी धावत आले, पक्कडीनं पातेलं उचललं आणि सिंकमध्ये आपटलं. फेकलं, हा खरा शब्द. उरलेलं दूध उसळलं आणि तिच्या उजव्या पायावर उडालं.

ती ओरडली नाही. एक पाय मागे घेतला, आणि माझ्याकडे न बघता फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. मी ओरडतच होते. दूध, फोन, अभ्यास, तिची मैत्रीण श्रेया, सगळं त्यात आलं. ती पुसत होती. पुसून झालेली जागा पुन्हा पुसत होती.

आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की त्या आधीचे दोन महिने ती तशीच वागत होती. माझी किल्ली दारात फिरली की टीव्ही बंद व्हायचा. बाथरूममधून बाहेर यायच्या आधी ती कानोसा घ्यायची. एकदा मी तिला बापाशी फोनवर बोलताना ऐकलं होतं: "पप्पा, आज मम्मी कशी आहे? मी क्लासवरून डायरेक्ट येऊ, की थोडं थांबून येऊ?" मला तेव्हा त्याचाही राग आला होता. माझ्यामागे काय कारस्थानं करतात, म्हणून.

परीक्षा संपली आणि ती मुलुंडला आत्याकडे गेली. मिलिंदची मोठी बहीण रत्नाताई, शाळेत शिक्षिका होत्या, आता एकट्याच राहतात. आम्ही सगळ्यांना सांगितलं, सुट्टीला गेलीय. सामान बघूनच मला कळायला हवं होतं. सुट्टीला जाताना कुणी बारावीची पुस्तकं नेत नाही.

रक्त घेतलं नाही

एप्रिलमध्ये जयंतीला आमच्या विहारात रक्तदान शिबिर असतं. बाहेर डीजे, आत रांगेत खाटा, बाजूला केळी आणि बिस्किटं. मी दर वर्षी रक्त देते. त्या वर्षी तर ठरवूनच गेले होते, म्हटलं काहीतरी चांगलं हातून घडू दे.

शिबिराच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, कानात मोठाले झुमके. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, पुन्हा धरलं.

"ताई, तुम्ही नाचून आलात का?"

"नाही हो. तासभर इथंच खुर्चीवर बसलेय."

त्यांनी मला दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगितले. बोटं थरथरत होती. मग माझ्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ बघितलं, गळ्याला हात लावून पाणी गिळायला सांगितलं.

"झोप येते का?"

"नाही."

"चिडचिड?"

मी काही बोलायच्या आत शेजारच्या खाटेवरून, हाताला सुई लावलेला आमच्या वसाहतीतला माणूस म्हणाला, "डॉक्टर, ते आम्हाला विचारा!"

सगळे हसले. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं रक्त मी घेणार नाही. उद्या सकाळी लॅबमध्ये जाऊन द्या. थायरॉइड तपासा. उद्याच."

दर वर्षी देतात तसं केळं त्यांनी मला दिलं. रक्त न देता केळं खाताना मला फार लाज वाटली. मी ते पिशवीत टाकून घरी आणलं.

धोक्याची घंटा

रिपोर्ट आला तेव्हा थायरॉइडचे आकडे जिथं असायला हवेत तिथून पार वर गेले होते. पुढे मोठ्या हॉस्पिटलात हार्मोनच्या डॉक्टरांची ओपीडी, स्कॅन, डोळ्यांची तपासणी, पुन्हा रक्त. ज्यांनी हे केलंय त्यांना ते बाकडं माहीत आहे. सकाळी उपाशीपोटी रांग, कापसाचा बोळा कोपरात दाबून चहाची टपरी, मग नंबर येईपर्यंत समोरच्या भिंतीवरचं तेच पोस्टर. मिलिंद रजा टाकून माझ्याशेजारी बसायचा. आम्ही फार बोलायचो नाही. पण माझा नंबर पुकारला की तो माझ्या आधी उभा राहायचा, जणू त्याचाच नंबर आलाय. ते मला फार बरं वाटायचं.

मला दोन भीती होत्या. एक, गळ्यात काही वाईट निघतंय का. ती डॉक्टरांनी लगेच घालवली. दुसरी मी विचारलीच नाही, ती त्यांनी ओळखली.

"तुम्हाला वाटत होतं ना, आपलं डोकं फिरतंय?"

मी मान हलवली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

ते म्हणाले, "डोकं फिरलेलं नाही. थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की शरीर सतत संकटात असल्यासारखं वागतं. हृदय पळतं, झोप उडते, हात कापतात. आत धोक्याची घंटा वाजतेय, आणि घंटा वाजली की माणूस आग शोधणारच. आग नसली तर ज्याच्या हातात काडेपेटी दिसेल त्याला धरतो."

मला सिंकमधलं पातेलं आठवलं. खरंच, राग आधी यायचा. मग तो घरभर फिरून कारण शोधायचा. कधी उघडा नळ, कधी सोफ्यावरचा टॉवेल, बहुतेक वेळा समू.

दोन गोळ्या मिळाल्या. एक धडधड लवकर कमी करणारी, दुसरी त्या ग्रंथीला सावकाश आवरणारी. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, घसा दुखून ताप आला तर घरी बसायचं नाही, त्याच दिवशी येऊन रक्त तपासायचं. पहिली गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी मला जाग आली ती कुकरच्या शिटीनं. मिलिंद डाळ लावत होता. ऊन पार पलंगावर आलं होतं. मी झोपले होते! शेजारी कुणाला सांगावं इतका आनंद झाला.

विहारातल्या भंतेजींना मी सगळं सांगितलं, थोडं ओशाळूनच. ते म्हणाले, "ताई, ध्यान करा. पण गोळी घेऊन करा."

मुलुंडला नेलेला रिपोर्ट

आणि मग मी ती गोष्ट केली जी, मला वाटतं, माझ्यासारखे बरेच आजारी करत असतील. मी रिपोर्ट पर्समध्ये घातला आणि मुलुंडला गेले. रिक्षात मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मला निर्दोष सुटल्यासारखं वाटत होतं.

समू बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होती. मी तिच्यासमोर कागद ठेवला.

"बघ समू. ती मी नव्हते. हे हार्मोन होतं. बघ किती वाढलंय."

तिनं कागद नीट वाचला. शास्त्र शाखेची पोरगी, तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल. मग तो घडीवर घडी घालून माझ्याकडे परत सरकवला.

"मम्मी, लहानपणी मला ताप आला की तू रात्रभर बसायचीस ना?"

"हो."

"ते कुठलं हार्मोन होतं?"

ती आवाज न चढवता म्हणाली, "म्हणजे चांगलं केलं ते तू, आणि वाईट केलं ते हार्मोन. असं नसतं ना, यार."

मला भयंकर राग आला. आजारी आहे मी, हिला दिसत नाही का? तेवढ्यात रत्नाताई चहा घेऊन आल्या. मास्तरीणच त्या, कमी बोलतात आणि बोलल्या की ऐकावं लागतं.

"छाया, रिपोर्ट पर्समध्ये ठेव. पोरीचा पाय बघितलास का?"

मी बघितला नव्हता. त्या दिवसापासून एकदाही नाही. समूनं पाय आखडून घेतला, मग माझ्याकडे बघून हळूच पुढे केला. घोट्याच्या वर, बोटभर लांबीचा डाग होता. बरा झालेला, कातडी अजून गुलाबी. कुणीतरी त्यावर रोज मलम लावलं होतं. ती मी नव्हते, हे मात्र अगदी खरं.

मी खाली फरशीवर बसले. "दूध मी फेकलं, समू. माझ्याच हातानं. आजार होता म्हणून राग इतका वाढला. पण तुझा पाय भाजला तो माझ्यामुळं. चुकलं माझं."

ती रडली. मीही रडले. गोष्टीत असतं तर ती माझ्याबरोबर घरी आली असती. ती आली नाही. म्हणाली, "मला अजून तुझी भीती वाटते, मम्मी. मी ठरवून घाबरत नाही. किल्लीचा आवाज ऐकला की आपोआप पोटात गोळा येतो."

परत येताना रिक्षात मला एवढं कळलं, की माझ्या आतली घंटा गोळीनं बंद होईल. पण मी तिच्या आत जी लावून दिली तिच्यासाठी माझ्याकडे गोळी नव्हती. जूनमध्ये बारावी सुरू झाली आणि ती मुलुंडहूनच कॉलेजला जाऊ लागली. सुट्टीची थाप आता चालण्यासारखी नव्हती. शेजारणी विचारायच्या. मी खरं सांगायला शिकले: "माझ्या चिडण्याला कंटाळून गेलीय."

दुसरं टोक

गोळ्यांनी गुण येतो म्हणजे सगळं छान होतं असं नाही. पावसाळ्यात माझ्यावर औषध जरा जास्तच चाललं आणि हार्मोन हवं त्याच्याही खाली गेलं. पुढची तपासणी मी टाळली होती, बरं वाटतंय तर कशाला, म्हणून. वाट लागली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

सगळं मंदावलं. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड, भर ऑगस्टात स्वेटर. झोपच झोप, आणि उठल्यावरही झोपल्यासारखीच. वंदना सांगायचं काम मी दुसऱ्या बाईंना दिलं. राग गेला होता, पण त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं गेलं होतं. भाजी जळली तरी काही वाटायचं नाही. मिलिंदच्या डोळ्यांत पाणी बघूनसुद्धा काही वाटलं नाही, हे मला आठवतं आणि आता भीती वाटते. रागाच्या दिवसांत निदान मी कुणीतरी होते. ह्या दिवसांत मी घरातलं एक कपाट होते.

मी समूला रोज संध्याकाळी फोन करायची. ती दोन-चार वाक्यं बोलायची. एका आठवड्यात मी फोनच केला नाही. ठरवून नाही, सुचलंच नाही.

एका दुपारी बेल वाजली. दारात समू, पाठीला कॉलेजची बॅग.

"फोन का नाही केलास?"

"राहिला."

"सहा दिवस?"

तिनं माझा चेहरा बघितला, हात हातात घेऊन बघितला, गार होता. मग आत जाऊन खिचडी टाकली. कुकर लावून आली आणि बापाला फोन केला: "पप्पा, हिला उद्याच डॉक्टरकडे न्यायचं. मी पण येतेय." दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या बाकड्यावर आम्ही तिघं बसलो होतो. डॉक्टरांनी गोळी कमी केली, मला चार शब्द सुनावले. तपासणी चुकवल्याबद्दल ती बोलणी मला बसायलाच हवी होती. समू त्या आठवड्यात राहिली, मग पुढच्याही. पुस्तकं हळूहळू परत आली. ती परत राहायला आली, असं कुणीच मोठ्यानं म्हटलं नाही.

सांगायचं ते

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना माझं थोडकंच सांगणं आहे. घरातलं माणूस अचानक बदललं, झोपत नाही, सारखं पेटलेलं आहे किंवा पार विझलेलं आहे, तर त्याच्या स्वभावाला नाव ठेवायच्या आधी त्याचं रक्त तपासा. बरं वाटलं म्हणून तपासणी सोडू नका, माझ्यासारखं करू नका. आणि आजार सापडला की तो घरच्यांच्या तोंडावर फेकू नका. त्यांनी जे सोसलं ते आकडे नॉर्मल झाल्यानं आपोआप पुसलं जात नाही.

घरच्यांनाही एक सांगते. माझे आकडे हिवाळ्यात जागेवर आले. मी काउंटरवर परत बसले. वंदनेची लय जमली, द्रौपदामावशींनी पास केलं. घरात मात्र एक नवीनच गोष्ट सुरू झाली होती. मी म्हटलं, आमटी अळणी आहे, की मिलिंद विचारायचा, "गोळी घेतलीस ना?" नळ आठवडाभर गळतोय म्हटलं की, "पुढची तपासणी कधी आहे?" समू तर काहीच विचारायची नाही. मी जरा आवाज चढवला की तिचे खांदे वर जायचे आणि ती लगेच माझ्या मनासारखं करायची. माझ्याशी कुणी भांडत नव्हतं. मला सांभाळत होते. पोरगी घरी आली होती, पण भीती बरोबर घेऊनच आली होती. माझ्या सगळ्या आजारपणात मला जर काही बरं व्हायला हवं होतं, तर ते हे.

बारावीची परीक्षा झाली. मे महिन्यातली गोष्ट. समू सकाळी सांगून गेली, श्रेयाकडे जाते. संध्याकाळी फोन लावला तर बंद. श्रेयाच्या घरी लावला तर तिची आई म्हणाली, "अहो, दोघी तर तुमच्याकडे आहेत ना?" अंधार पडला. मिलिंद दोनदा नाक्यापर्यंत जाऊन आला.

साडेआठला ती आली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, सँडलमध्ये वाळू.

"कुठं होतीस?"

"वर्सोव्याला गेलेलो. मग बोटीतून पलीकडे मढला. बॅटरी गेली फोनची. बस."

"बस? खोटं सांगून जायचं, दोन घरांना वेड लावायचं, आणि वर बस?" माझा आवाज चढला. मलाच तो ऐकू आला, चढतोय म्हणून.

मिलिंद सोफ्यावरून उठत म्हणाला, "छाया, आज गोळी..."

"घेतली! मागच्या आठवड्यातला रिपोर्ट नॉर्मल आहे. हा राग आजाराचा नाही, मिलिंद. हा माझा आहे. माझी पोरगी खोटं बोलून समुद्रात गेली होती!"

मी समूकडे बघितलं. आता हिचे खांदे वर जाणार, ही सॉरी म्हणणार, हे मला पाठ होतं, आणि मी ओरडल्याचा पश्चात्ताप मला आधीच व्हायला लागला होता.

"समुद्रात नाही, खाडीत!" समू माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "पाच मिनिटांची बोट असते ती! म्हाताऱ्या बायका टोपल्या घेऊन जातात तिच्यातून! तू गेलीयस का कधी?"

"सांगितलं असतंस तर आले असते!"

"सांगितलं असतं तर नाही म्हटली असतीस!"

"म्हटलंच असतं!"

"मग!"

ती पाय आपटत आत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आमच्या घरात दीड वर्षात कुणी दार आपटलं नव्हतं. सगळी दारं हळूच लावली जात होती.

मिलिंद घाबरून तिच्या मागे निघाला. मी त्याचा हात धरला. "राहू दे. आपटू दे." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. त्याला वाटलं असणार, गोळी खरंच चुकली.

दारामागून आवाज आला, तितक्याच रागाचा, "आणि जेवायला काय आहे?"

"मढवरूनच खाऊन यायचं होतंस!" मी ओरडले, आणि तिच्यासाठी तवा तापत ठेवला.